दोन चर्चांमधली जमीन

जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकेतून दर्शन घेऊन बाहेर पडलेला माणूस रस्ता ओलांडतो आणि हिरवळीतून आखून दिलेल्या वाटेने से कॅथेड्रलकडे चालू लागतो. समोर एकाच मनोऱ्याचे, चुन्याने पांढरे केलेले भव्य कॅथेड्रल असते, त्यामुळे नजर वरच राहते. दुसरा मनोरा 1776 मध्ये कोसळला, हे वाटाड्या सांगतो. आत टांगलेल्या घंटेबद्दलही सांगतो. आपण ज्या जमिनीवरून चालत आलो तिच्याबद्दल मात्र कुणी काही सांगत नाही. येणाऱ्याचा समज असा होतो की मोठमोठ्या चर्चांभोवती पहिल्यापासून अशीच बाग असावी. ही हिरवळ अगदी अलीकडची आहे आणि तिच्या जागी एक गजबजलेले शहर होते, हे त्याला कळायला कसलीही सोय नाही.

ही मधली जमीन चर्चांइतकीच स्मारक आहे, असे मला वाटते. तिच्यात दबलेले जुने रस्ते, चौक, फरसबंदी आणि गटारे यांना कायद्याने आणि व्यवहाराने चर्चच्या भिंतींइतकेच संरक्षण मिळाले पाहिजे. आज ते मिळत नाही, आणि न मिळण्याची कारणे बरीचशी आपल्या सवयीत आहेत.

शहराचा इतिहास थोडक्यात असा. मांडवीच्या काठावरचे हे बंदर विजापूरच्या आदिलशहाच्या ताब्यात होते. 25 नोव्हेंबर 1510 रोजी, सेंट कॅथरिनच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगीज सेनापती आफोंसो द आल्बुकर्कने ते जिंकले आणि म्हणूनच पुढे कॅथेड्रल त्या संतिणीला वाहिले गेले. आज दिसणाऱ्या कॅथेड्रलचे बांधकाम 1562 मध्ये सुरू झाले आणि 1619 मध्ये पुरे झाले. नदीच्या धक्क्यावरून व्हाईसरॉय कमानीखालून शहरात शिरणारा मुख्य रस्ता म्हणजे ‘रुआ दिरैता’, म्हणजे सरळ रस्ता. 1583 ते 1588 या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाने या रस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचे वर्णन केले आहे. अरबी घोडे, मसाले, जडजवाहीर आणि माणसेसुद्धा तिथे विकली जात. त्याच्या पुस्तकाबरोबर छापलेल्या नकाशात गल्ल्या, चौक आणि घरांच्या रांगा इतक्या दाट काढलेल्या आहेत की आजची मोकळी हिरवळ आणि तो नकाशा एकाच गावाचे आहेत, यावर पटकन विश्वास बसत नाही.

मग साथी आल्या, व्यापार आटला, 1759 मध्ये व्हाईसरॉयने आपले निवासस्थान पणजीच्या बाजूला हलवले आणि 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. मधल्या काळात जुन्या शहरातल्या इमारती उतरवून त्यांचा दगड नव्या शहराच्या कामाला नेण्यात आला. आदिलशाही महालाची, जिथे पुढे व्हाईसरॉय राहत, आज फक्त सेंट काजेतान चर्चच्या आवारातली एक चौकट उरली आहे. घराचा चिरा उपसून नेता येतो, खिडकीची कमान नेता येते. रस्त्याचा वरचा दगडही कधी कधी उचलला जातो. पण त्याखालचा चोपलेला मुरूम, भराव, गटाराची पन्हळ आणि पिढ्यान्पिढ्या पायांनी दाबून घट्ट झालेली माती कुणी उचलून नेत नाही, कारण तिला बाजारात किंमत नसते. म्हणूनच जे शहर वरून जवळजवळ संपूर्ण पुसले गेले, त्याचा सर्वांत सलग उरलेला भाग जमिनीखाली असण्याची शक्यता फार मोठी आहे. शेजारच्याच टेकडीवर सेंट ऑगस्टिन चर्चच्या ढिगाऱ्यात पुरातत्त्व खात्याने 1989 पासून काम केले तेव्हा वेद्या, फरशा, थडग्यांचे कोरीव दगड असे बरेच काही मिळाले, आणि 2004 मध्ये जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष मानली जाणारी हाडे हाती लागली. ढिगाऱ्याखाली इतके असेल, तर हिरवळीखाली काहीच नसेल असे गृहीत धरायला आधार नाही.

रस्त्याचे अवशेष म्हणजे नेमके काय, हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगावे लागू नये. पाखाडी, म्हणजे चिरे बसवलेली चढउताराची पायवाट, आपल्या सगळ्यांच्या पायांना माहीत आहे. तिचा कुठला चिरा झिजला आहे आणि पावसाचे पाणी कोणत्या बाजूने जाते, हे रोज उतरणाऱ्याला डोळे मिटूनही सांगता येते. पुरातत्त्वाचा अभ्यासक जमिनीत गाडलेल्या वाटेकडे असाच, पण मोजपट्टी घेऊन पाहतो.

काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका जुन्या चर्चच्या आवारात मी उभा होतो. पाण्याची पाइपलाइन टाकण्यासाठी चर खणला होता, कमरेएवढा खोल आणि दीड हात रुंद. चराची एक बाजू उन्हात स्वच्छ दिसत होती. सर्वांत वर चार बोटे सिमेंट, त्याखाली खडी, मग वीतभर लाल माती. त्या मातीखाली जांभ्याचे लहान चिरे एकाला एक लावून बसवलेले होते, त्यांच्या वरच्या कडा झिजून गोल झालेल्या, मधल्या सांध्यांत चुन्याची पांढरी रेघ. चिऱ्यांखाली बोटभर जाडीचा काळपट, घट्ट थर होता, त्यात शिंपल्यांचे तुकडे आणि खापऱ्या आडव्या चेपलेल्या होत्या. आणि त्याच्याही खाली दगडांची आणखी एक ओळ, किंचित एका बाजूला कललेली, जिच्या कडेला पन्हळीसारखा खोलगट दगड होता. म्हणजे तिथे एकावर एक दोन वाटा होत्या, आणि खालच्या वाटेला स्वतःचे गटार होते. कामगारांनी पहारीने काढलेले चिरे नीट रचून ठेवले होते, कारण कुणाच्या तरी गडग्याला ते उपयोगी पडले असते. दुसऱ्या दिवशी चर बुजला. माझ्याकडे दोन छायाचित्रे आहेत. थरांची मोजमापे कुणीच घेतली नाहीत.

त्या कामगारांना मी दोष देत नाही. त्यांना कुणी सांगितले नव्हते आणि सांगायचे काम ज्यांचे होते ते तिथे नव्हते. पण त्या चराने काय गेले, हे समजून घ्यायला हवे. न उखडलेल्या फरसबंदीखाली एखादे नाणे सापडले, तर ती फरसबंदी त्या नाण्यानंतरच झाली, एवढे खात्रीने म्हणता येते. तेच नाणे उपसलेल्या मातीच्या ढिगात सापडले, तर ते केवळ जुने नाणे असते. फरसबंदीची पातळी शेजारच्या चर्चच्या पायरीशी जुळते की पायरीच्या खाली जाते, यावरून आधी काय बांधले गेले हे कळते. रस्त्याची रुंदी, उतार, चाकांच्या चाकोऱ्या, डागडुजीचे ठिगळ, कडेचे उंबरे या साऱ्यांचा अर्थ त्यांच्या जागेवर आणि एकमेकांच्या संदर्भातच लागतो. भिंत पडली तरी तिचे दगड पुन्हा रचता येतात. चोपलेल्या मातीचा थर एकदा फावड्याने कापला की तो पुन्हा कधीही वाचता येत नाही.

जुन्या गोव्याच्या बाबतीत या थरांना एक विलक्षण लेखी साक्षही आहे. शार्ल देलों नावाच्या फ्रेंच वैद्याला दमणमध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, पकडले आणि गोव्यात आणून कोंडून ठेवले. इन्क्विझिशनचे कार्यालय कॅथेड्रलसमोरच्या चौकाच्या कडेला, दुसऱ्या एका पूर्वीच्या आदिलशाही वाड्यात होते. पोर्तुगीज आदिलशहाला ‘साबायो’ म्हणत, आणि त्यावरून त्या चौकालाही ते ‘तेरैरो दो साबायो’, म्हणजे साबायोचा चौक, म्हणत. 12 जानेवारी 1676 रोजी शिक्षा जाहीर करण्याच्या समारंभासाठी कैद्यांची मिरवणूक निघाली. पहाटे कॅथेड्रलच्या मोठ्या घंटेने गावाला सूचना दिली. देलों अनवाणी होता, आणि सेंट फ्रान्सिसच्या चर्चपर्यंत शहरातून फिरवले जाताना रस्त्यातल्या बारीक टोकदार दगडांनी त्याचे तळपाय फाटून रक्त वाहू लागले, असे त्याने सुटकेनंतर लिहिलेल्या पुस्तकात नोंदवले आहे.

हे वाचून मी पुष्कळ वेळ थांबलो. एका माणसाच्या तळपायांनी शहराच्या रस्त्याचा पृष्ठभाग नोंदवून ठेवला आहे. गुळगुळीत फरसबंदी फक्त मुख्य रस्त्याला होती का? बाकीच्या वाटांवर नुसती खडी चोपलेली होती का? व्हाईसरॉयच्या पालखीची वाट आणि कैद्याची वाट वेगळी होती का? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही दफ्तरखान्यापेक्षा त्या जमिनीत मिळण्याची शक्यता जास्त आहे. ज्या चर्चमध्ये ती मिरवणूक संपली ते उभे आहे, कॅथेड्रल उभे आहे, दोन्हींचे संरक्षण होते. ज्या वाटेवर ते रक्त सांडले ती वाट मात्र आपल्या कोणत्याही यादीत नाही.

आता कायद्याकडे वळू. जुन्या गोव्यातील चर्च आणि कॉन्व्हेंट 1986 पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली ती राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके आहेत. 2010 च्या दुरुस्तीने अशा संरक्षित जागेच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढे आणखी 200 मीटरपर्यंत नियंत्रण घातले. ऐकायला हे भक्कम वाटते. पण त्याच कायद्यात ‘बांधकाम’ या शब्दाची व्याख्या दिली आहे आणि त्या व्याख्येतून सार्वजनिक गटारे व सांडपाण्याची कामे, सार्वजनिक शौचालये, लोकांसाठीच्या पाणीपुरवठ्याची कामे, वीजपुरवठ्याची कामे आणि अशाच इतर सार्वजनिक सोयी स्पष्टपणे वगळल्या आहेत. संरक्षित हद्दीच्या आत विनापरवाना खोदकाम करता येत नाही, हे खरे. पण त्या हद्दीबाहेर पाऊल टाकले की कायदा फक्त जमिनीच्या वर काय उभे राहते ते पाहतो. घर बांधता येत नाही. चर मात्र खणता येतो.

या सवलतीमागचा हेतू वाईट नव्हता. स्मारकाशेजारी राहणाऱ्या माणसालाही पाणी, वीज आणि संडास लागतो, आणि तो अडवणारा कायदा अन्यायाचा झाला असता. परंतु जुन्या गोव्यात संरक्षित हद्दी या एकेका चर्चभोवती आखलेल्या आहेत आणि जुने रस्ते स्वभावतःच एका चर्चकडून दुसऱ्या चर्चकडे जाणारे आहेत. म्हणजे ज्या पट्ट्यात रस्त्याचे अवशेष असण्याची सर्वांत जास्त शक्यता, तोच पट्टा चरासाठी मोकळा. दिवाडीहून फेरीबोटीने येऊन व्हाईसरॉय कमानीखालून वर चढणारा माणूस आजही त्या सरळ रस्त्याचाच माग धरतो. फक्त त्याच्या पायाखाली डांबर असते, आणि डांबराखाली काय आहे हे पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

हातकातरो खांबाचे उदाहरण घ्या. शिक्षा देण्यासाठी वापरला गेलेला हा दगडी खांब वाहत्या रस्त्यालगत उभा आहे आणि त्याची घडण पाहता तो मुळात एखाद्या देवळातला असावा, असे मानले जाते. त्याच्या रक्षणाची मागणी गोव्यात वेळोवेळी होते आणि ती रास्त आहे. पण हा खांब पोर्तुगीज काळापासून याच जागी आहे की नंतर इथे आणला गेला, हे खांबाकडे कितीही वेळ पाहून सांगता येणार नाही. त्याच्या पायथ्याची जमीन वाचली तर कदाचित सांगता येईल. खांबाला कुंपण घालून भोवती पेव्हर ब्लॉक बसवले, तर खांब वाचेल आणि त्याचे उत्तर जाईल.

या मुद्द्यावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकतो आणि दोन्ही गंभीरपणे घेण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप भाविकांचा. जुने गोवे हे संग्रहालय नाही. 3 डिसेंबरच्या फेस्ताला आणि दर दहा वर्षांनी होणाऱ्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शन सोहळ्याला इथे प्रचंड गर्दी लोटते. मागचा सोहळा 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 असा झाला. कितीतरी भाविक वृद्ध आणि आजारी असतात, काहींना चाकाच्या खुर्चीवरून आणावे लागते. त्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. अशा ठिकाणी सपाट वाट, पिण्याचे पाणी, शौचालये आणि पाण्याचा निचरा या चैनीच्या गोष्टी नाहीत. ‘गोंयच्या सायबा’समोर नवस फेडायला आलेल्या म्हाताऱ्या बाईने ठेचकाळत चालावे आणि अभ्यासकाने खूश व्हावे, असे मी कधीही म्हणणार नाही.

पण या गरजा भागवण्यासाठी जमीन खोल खणावीच लागते, हे मला मान्य नाही. जुन्या पातळीवर वाळूचा थर आणि जाड कापड अंथरून त्यावर उचलता येणारी वाट बसवता येते. तात्पुरती शौचालये जमिनीवरच उभी राहतात. वीज आणि पाण्याच्या वाहिन्या एकाच सामाईक चरातून, आधी उकरल्या गेलेल्या पट्ट्यातूनच, नेता येतात. नेमके उलटे होते ते मुदतीमुळे. सोहळ्याची तारीख दहा वर्षे आधी माहीत असते आणि कामे शेवटच्या काही महिन्यांत निघतात. घाईत जेसीबी लागतो, आणि जेसीबीच्या बकेटला मुरूम आणि फरसबंदी यांतला फरक कळत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक जवळचा वाटतो, कारण तो आपल्या इतिहासातून येतो. परक्या राज्यकर्त्यांनी बळाने उभारलेल्या शहराचे रस्ते जपण्यात आपला काय संबंध, असे पुष्कळ जण विचारतात. ज्यांच्या पूर्वजांनी देव घेऊन नदीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, आसरा घेतला, त्यांनी हे विचारले तर त्यात चूक नाही. माझे उत्तर इतकेच आहे की इमारत ज्याने बांधवून घेतली त्याचे नाव मिरवते, रस्त्यावर मात्र सगळ्यांचेच पाय पडलेले असतात. जांभा ज्यांनी खाणीतून काढला आणि डोक्यावरून वाहिला, लिलावात जे विकले गेले, जे अनवाणी फिरवले गेले, त्यांची चर्चच्या दर्शनी भिंतीवर कुठेही नोंद नाही. शिवाय पोर्तुगीज रस्ते कोऱ्या जमिनीवर पडलेले नाहीत. आदिलशाही शहर त्यांच्या आधी तिथे होते. कोणता रस्ता जुनाच चालू राहिला आणि कोणता नव्याने काढला, हे थर पाहिल्याशिवाय ठरत नाही. पोर्तुगीजपूर्व गोवा ज्यांना प्रिय आहे, त्यांनी तर या जमिनीचा आग्रह सर्वांत आधी धरायला हवा.

हाच विचार मी वसईच्या बाबतीतही करतो. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी जिंकलेल्या त्या किल्ल्यात सेंट जोसेफच्या मुख्य चर्चचा मनोरा अजून उभा आहे आणि किल्ल्यातून जेट्टीकडे जाणारा डांबरी रस्ता त्या जुन्या नगराच्या मधूनच जातो. मराठी माणूस तिथे अभिमानाने जातो. ज्या रस्त्यांवरून मराठी सैन्य शहरात शिरले ते रस्ते झुडपांखाली आणि डांबराखाली आहेत, याची मात्र आपल्याला फारशी जाणीव नसते.

जगात हे वेगळ्या पद्धतीने करता आले आहे. पॅरिसला नोत्र-दामसमोरच्या मोकळ्या पटांगणात 1965 ते 1972 या काळात उत्खनन झाले आणि 1980 मध्ये ते अवशेष जमिनीखालच्या दालनात लोकांसाठी खुले झाले. वर, चालत्या फरशीत, एकेकाळी थेट कॅथेड्रलच्या दारापर्यंत येणाऱ्या मध्ययुगीन रस्त्याची आणि लगतच्या घरांची रेषा वेगळ्या दगडाने दाखवलेली आहे. चर्चकडे जाणारा आजचा पाहुणा नकळत त्या जुन्या रस्त्यावरूनच चालतो. इंग्लंडमध्ये कॅथेड्रलांच्या देखभालीसाठी 1990 मध्ये जो चर्चचा कायदा झाला, त्याने कॅथेड्रलला स्वतःचा पुरातत्त्व सल्लागार नेमणे बंधनकारक केले. ती कॅथेड्रलेही प्रार्थनेची जिवंत ठिकाणे आहेत. तिथेही पाइप फुटतात आणि वाटा दुरुस्त कराव्या लागतात. फरक इतकाच की फावडे लागण्याआधी कुणाला तरी विचारावे लागते.

बॉम जेझूच्या बाबतीत पृष्ठभागाविषयीची एक चूक आपण आधीच भोगतो आहोत. आज ती वास्तू उघड्या तांबूस जांभ्याची दिसते आणि लाखो लोक तिला तशीच ओळखतात. मुळात तिच्यावर चुन्याचा गिलावा होता. 1950 च्या दशकात पोर्तुगीज सरकारच्या वास्तुतज्ज्ञाने, बाल्ताझार कास्त्रोने, तो काढून टाकला, कारण जुनेपणा दगडातून दिसावा असे त्याला वाटले. तेव्हापासून पाऊस थेट त्या सच्छिद्र दगडात मुरतो आहे, आणि गिलावा पुन्हा करावा की नाही यावर वाद चालू आहे. वरचा थर क्षुल्लक समजून काढला, त्याची ही किंमत. जमिनीच्या वरच्या थरांबाबत आपण तीच समजूत घेऊन चाललो आहोत.

काय करता येईल, ते फारसे अवघड किंवा खर्चाचे नाही. 2010 च्या कायद्याने प्रत्येक स्मारकासाठी वारसा उपविधी तयार करण्याची तरतूद केली आहे. जुन्या गोव्याच्या उपविधींत सगळ्या चर्चांचा मिळून एकच परिसर धरावा आणि त्यात उंचीबरोबर खोलीचीही मर्यादा लिहावी. ठरावीक खोलीखाली जाणाऱ्या कोणत्याही चराला, मग तो गटाराचा असो की केबलचा, पुरातत्त्व जाणणारी व्यक्ती कामावर हजर असल्याशिवाय सुरुवात होऊ नये, आणि तिला थर मोजून नोंदवण्यापुरते काम थांबवण्याचा अधिकार असावा. ती नोंद लोकांना पाहता यावी. जमिनीत रडार सोडून न खणता आतल्या दगडी रचना टिपण्याचे तंत्र देशात उपलब्ध आहे. कोरड्या महिन्यांत हिरवळीवर ते वापरता येईल आणि जुन्या नकाशाशी ताडून पाहता येईल.

पुढचा शवप्रदर्शन सोहळा 2034 मध्ये अपेक्षित आहे. त्याआधी तीन ठिकाणी लहान चाचणी खड्डे घेता येतील: व्हाईसरॉय कमानीच्या आतल्या बाजूला रस्त्याच्या कडेला, कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीसमोर जिथे तो चौक होता तिथे, आणि सेंट फ्रान्सिसच्या दारासमोर. प्रत्येक खड्डा दोन मीटर लांब-रुंद असला तरी पुरे. त्यांतल्या एकात जरी बारीक, टोकदार दगडांचा चोपलेला थर मिळाला, तर त्यावर काच बसवून शेजारी देलोंच्या त्या सकाळची हकिकत मराठी, कोंकणी आणि पोर्तुगीजमध्ये लिहून ठेवता येईल.